तांबे यांनी पद घेतलं तेव्हा : फेरवादी, नाफेरवादी आणि प्रतिसहकारवादी

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

चळवळीतला एखादा गट सत्तेच्या दारात गेला की आपल्याकडे निकाल लगेच लागतो. कुणी म्हणतं विकला गेला, कुणी म्हणतं अखेर शहाणपण सुचलं. दोघांचंही गृहीत एकच असतं : आत जाणारे व्यवहारी, बाहेर राहणारे तत्त्वनिष्ठ. मला हे गृहीतकच चुकीचं वाटतं. का, ते आपल्याच भागातल्या एका जुन्या भांडणावरून सांगतो. फेरवादी (कौन्सिलात म्हणजे कायदेमंडळात जाऊ म्हणणारे) आणि नाफेरवादी (बहिष्कार चालूच ठेवा म्हणणारे) हे शब्द आपण शाळेत पाठ केले, पण त्या भांडणाचा उत्तरार्ध नागपूर, अमरावती, अकोला आणि पुण्यात घडला, तो फारसा कुणी सांगत नाही.

ऑक्टोबर १९२५. मध्यप्रांत-वऱ्हाड कायदेमंडळाचे अध्यक्ष अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, स्वराज्य पक्षाचे. त्यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. "सरकारी पद घेणार नाही, आत जाऊन अडवणूक करणार" असं सांगून ज्या पक्षाने मतं मागितली होती, त्याच पक्षाचा माणूस सरकारात जाऊन बसला. मोतीलाल नेहरू भडकले. पक्षाचा रोगट अवयव कापूनच टाकला पाहिजे, या त्यांच्या उद्गाराने महाराष्ट्रातली मंडळी कायमची दुखावली.

आता थोडं मागे जाऊ. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर गांधींनी बारडोलीत चळवळ थांबवली. मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्याला गेले. मागे राहिलेल्यांनी करायचं काय? काँग्रेसने सहा जणांची चौकशी समिती नेमली, तिच्यातच तीन-तीन अशी फाळणी झाली. हकीम अजमल खान, मोतीलाल आणि विठ्ठलभाई पटेल म्हणाले कौन्सिलात जाऊ. राजगोपालाचारी, डॉ. अन्सारी आणि कस्तुरीरंग अय्यंगार म्हणाले नाही. डिसेंबरात गया काँग्रेसमध्ये मतदान झालं : कौन्सिलप्रवेशाच्या बाजूने ८९०, विरुद्ध १७४८. अध्यक्ष चित्तरंजन दास स्वतः हरलेल्या बाजूला. त्यांनी राजीनामा दिला आणि १ जानेवारी १९२३ ला स्वराज्य पक्ष काढला, पण काँग्रेसच्या आत राहूनच.

माणसं कुठे होती बघा. विठ्ठलभाई फेरवादी, त्यांचे सख्खे धाकटे भाऊ वल्लभभाई नाफेरवादी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १९१९ च्या अमृतसर काँग्रेसमध्ये इंग्रजांचा नवा सुधारणा कायदा फेटाळा म्हणणारे दासच होते आणि तो राबवून बघू म्हणणारे गांधी. तीन वर्षांत दोघांनी जागा बदलल्या. दास जन्मजात व्यवहारी नव्हते, गांधी जन्मजात हटवादी नव्हते. पंजाबच्या अत्याचारांची सरकारने बोळवण केली, खिलाफतीवर शब्द फिरवला, मग तुरुंग भरले आणि पुढे तेही रिकामे होऊ लागले. प्रत्येकाने त्या त्या वेळी समोर काय दिसतं ते पाहून भूमिका घेतली.

स्वराज्यवाद्यांनी पहिल्या वर्षी जे केलं ते मला आजही थोर वाटतं. नोव्हेंबर १९२३ च्या निवडणुकीत मध्यप्रांतात त्यांना स्पष्ट बहुमत मिळालं. मंत्रिपदं समोर असताना त्यांनी ती घेतली नाहीत, आणि १९२४ च्या अंदाजपत्रकात मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. म्हणजे पद ठेवा, खुशाल ठेवा, लोकप्रतिनिधींच्या लेखी त्याची किंमत ही आहे. मंत्र्यांना जावं लागलं आणि द्विदल राज्यपद्धती (काही खाती मंत्र्यांकडे, बाकीची गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे) त्या प्रांतात बंद पडली. आत जाणं म्हणजे शरण जाणं नव्हे, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी घटना मला तरी ठाऊक नाही.

मग घसरण सुरू झाली ती वरून. जून १९२५ मध्ये दास दार्जिलिंगला वारले. ऑगस्टमध्ये विठ्ठलभाई मध्यवर्ती असेंब्लीचे अध्यक्ष झाले. मोतीलालांनी लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नेमलेल्या स्कीन समितीत सरकारनियुक्त जागा घेतली. दोन्हीला कारणं होती, चांगली होती. पण अडवणुकीचा नियम कुठे लागू आणि कुठे नाही, हे पक्षात कुणी ठरवलं नव्हतं. तांबे प्रकरण पेटल्यावर 'केसरी'वाले न. चिं. केळकर आणि मुंबईचे बॅ. मुकुंदराव जयकर यांनी उघड विचारलं : विठ्ठलभाईंची खुर्ची चालते, तुमची समिती चालते, मग तांबे यांनी असं काय वेगळं केलं?

प्रश्न बिनतोड होता, त्यांनी काढलेलं उत्तर मला पटत नाही. प्रश्नातून निघायला हवं होतं ते असं की पद घ्यायचं की नाही हे यापुढे पक्ष ठरवेल, एकेकटा माणूस नाही. त्यांनी काढलं ते असं की सगळ्यांनाच मोकळीक द्या. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला प्रतिसहकार पक्ष उभा राहिला, केळकर, जयकर, मुंजे, अणे त्यात. आधार दिला लोकमान्यांचा. टिळकांनी अमृतसरला प्रतियोगी सहकारिता मांडली होती हे खरंच आहे, पण तिचा गाभा असा की सरकार जेवढं देईल तेवढ्या प्रमाणात आम्ही सहकार्य करू. १९२५ पर्यंत सरकारने काय दिलं होतं? फेब्रुवारी १९२४ ची राष्ट्रीय मागणी (पूर्ण जबाबदार राज्यपद्धतीची) असेंब्लीने मोठ्या बहुमताने संमत केली, सरकारने नेमली सुधारणांचा आढावा घेणारी मुडिमन समिती. तिच्या बहुमताच्या अहवालात किरकोळ डागडुजी सुचवलेली. अल्पमताच्या अहवालावर सप्रू आणि जीनांबरोबर सही होती र. पु. परांजप्यांची. परांजपे मुंबई इलाख्यात स्वतः मंत्री राहिलेले, पक्के मवाळ. त्यांनीसुद्धा ही पद्धत चालत नाही असं म्हटलं असताना केळकरांनी ती राबवायला निघावं, हे मला टिळकांच्या तर्कात बसत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्यवहारी गट चळवळीला हवाच असतो. तो बिघडतो तेव्हा कारण तडजोड नसते. आत जाताना बाहेर येण्याची अट ठरलेली नसते, आणि ठरवण्याचा अधिकार ज्याला पद मिळतंय त्याच्याच हाती राहतो.

---

वऱ्हाडकर

लेख आवडला, पण प्रतिसहकारवाद्यांवर अन्याय झालाय असं स्पष्ट म्हणतो. आमच्याकडे बापूजी अणे यांचं नाव अजून घरोघरी आदराने घेतात, त्यामुळे हे लिहिणं भागच आहे.

मंत्री नसले की सोपीव (म्हणजे मंत्र्यांकडे सोपवलेली) खाती बंद पडत नव्हती. शिक्षण, शेती, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही सगळी खाती गव्हर्नर स्वतःकडे घ्यायचा आणि गोरे अधिकारी ती चालवायचे. दोन रुपयांचा पगार हा जबरदस्त निषेध होता, मान्य. पण निषेधाच्या दुसऱ्या दिवशी जिल्हा कौन्सिलच्या शाळेचा कागद कुणाच्या टेबलावर जाणार? १९२६ च्या निवडणुकीनंतर आमच्याकडचे रामराव देशमुख मंत्री झाले, तेव्हा निदान तो कागद आपल्या माणसाकडे जाऊ लागला.

आणि अणे. १९२६ मध्ये प्रतिसहकार पक्षात. जुलै १९३० मध्ये हाच माणूस पुसदला जंगल सत्याग्रह करतो, राखीव जंगलातलं गवत कापतो आणि तुरुंगात जातो. १९३३ मध्ये काँग्रेसचा हंगामी अध्यक्ष. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेला, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधींचा उपास सुरू असताना होमी मोदी आणि नलिनी रंजन सरकार यांच्याबरोबर राजीनामा देऊन बाहेर पडला. तुमची बाहेर येण्याची अट कुठल्या पक्षाने अणेंना लिहून दिली होती? ती त्यांच्या मनात होती. माणूस सच्चा असेल तर पुरतं.

---

सुपारीबाग

वाचतेय. सुरतेचा उल्लेख कुणीतरी करेल म्हणून थांबले होते, आता मीच करते. १९०७ मध्ये जहाल-मवाळ फुटले तेव्हा व्यासपीठावर जोडा आला, खुर्च्या चालल्या, पुढच्या वर्षी टिळक मंडालेला गेले आणि काँग्रेस जवळजवळ नऊ वर्षं निर्जीव पडून राहिली, १९१६ च्या लखनौपर्यंत. १९२२ मध्ये मतभेद तेवढेच कडवे होते, पण फूट पडली नाही. याचं श्रेय मला दासांना द्यावंसं वाटतं. अध्यक्ष असताना हरणं आणि तरी संघटना न सोडणं सोपं नव्हे.

---

सोपान_गिरणगाव

या चर्चेतून काही मोठी माणसं गायब आहेत आणि ते मला सहन होत नाही.

१९२० ते १९२३ काँग्रेसचा कौन्सिलवर बहिष्कार होता. गयेला दोन हजारांहून जास्त प्रतिनिधी आत जावं की बाहेर राहावं यावर झटापट करत होते. त्याच काळात, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला आणि तो संमत झाला : सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. महाड नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. तो कागद अंमलात आणण्यासाठी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले.

म्हणजे काँग्रेसने ज्या सभागृहाला तुच्छ मानून पाठ फिरवली होती, तिथून आमच्या हातात एक हत्यार आलं. आणि बाहेरच्या सत्याग्रहाशिवाय त्या हत्याराला धार नव्हती. बोले आणि महाड दोन्ही मिळून एक गोष्ट आहे. व्यवहारी कोण आणि तत्त्वनिष्ठ कोण, ते यातून वेगळं काढून दाखवा.

ब्राह्मणेतर पक्षाचंही तेच. भास्करराव जाधव मुंबई इलाख्यात शिक्षणमंत्री झाले तेव्हा 'केसरी'ला ती सरकारची हुजरेगिरी वाटली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शाळा होती त्यांना मंत्रिपद नाकारणं हे तत्त्व वाटू शकतं. ज्यांची पहिली पिढी शाळेच्या पायरीवर उभी होती त्यांना शिक्षण खातं हातात येणं हेच तत्त्व होतं.

---

पाटीपेन्सिल

@सोपान_गिरणगाव, तुमच्या प्रतिसादाने चर्चा जिथे जायला हवी तिथे गेली. बोले आणि जाधव यांनी कुणाला फसवलं नाही. त्यांच्या मतदारांना ते आत कशासाठी जातायत हे ठाऊक होतं आणि ते त्याचसाठी गेले. स्वराज्य पक्षाने मतदाराला दिलेला शब्द वेगळा होता. म्हणून एकाच सभागृहातली एकाच प्रकारची खुर्ची एकासाठी वचनपूर्ती आणि दुसऱ्यासाठी वचनभंग ठरते. मी तांबे यांना दोष देतो तो खुर्चीसाठी नाही, त्या शब्दासाठी.

@वऱ्हाडकर, अणे यांच्याबद्दल मलाही अपार आदर आहे. पण अणे यांच्यासारखा माणूस दर पिढीत सापडेल या भरवशावर संघटना चालवता येत नाही. तांबेही गावात प्रतिष्ठित होते, लोकांनी त्यांच्यावरही विश्वास टाकला होता. पुढे १९२९ मध्ये त्यांनी हंगामी गव्हर्नर म्हणूनही काम पाहिलं. अणे यांच्या मनात अट होती हे आपल्याला १९४३ मध्ये कळलं. १९४१ मध्ये मतदाराने काय समजायचं होतं?

---

टिळकवाडी

मी बेळगावचा, त्यामुळे १९२४ च्या अधिवेशनाबद्दल लिहिणारच. आमच्या टिळकवाडीत त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. गांधी अध्यक्ष झाले ते हे एकच अधिवेशन. स्वागताध्यक्ष गंगाधरराव देशपांडे, टिळकांचे जुने अनुयायी आणि नंतर कट्टर गांधीवादी. तेही नाफेरवादीच.

तिथे गांधींनी जे केलं ते मला या सगळ्या कथेतलं सगळ्यात अवघड काम वाटतं. कौन्सिलप्रवेश त्यांना शेवटपर्यंत पटला नव्हता. तरी नोव्हेंबरात कलकत्त्याला दास-मोतीलालांशी केलेला करार त्यांनी बेळगावात मान्य करून घेतला : स्वराज्य पक्षाने काँग्रेसच्या वतीने कौन्सिलात काम करावं. बदल्यात सभासदत्वासाठी महिन्याला २००० वार सूत. आपले सगळ्यात निष्ठावान अनुयायी नाराज होतील हे माहीत असताना त्यांनी ते केलं. "आम्ही तुमच्यासाठी दोन वर्षं भांडलो आणि तुम्हीच हार मानलीत" असं नाफेरवाद्यांना वाटणं साहजिक होतं.

त्याच वर्षीची आणखी एक गोष्ट सांगतो. १२ जानेवारी १९२४ ला पुण्यात ससून रुग्णालयात गांधींचं आंत्रपुच्छाचं ऑपरेशन झालं. कैदी सरकारचा, सर्जन इंग्रज, काही बरंवाईट झालं तर देश पेटणार. अशा वेळी संमतीचं निवेदन लिहून घ्यायला गांधींनी बोलावलं ते श्रीनिवास शास्त्रींना. शास्त्री भारत सेवक समाजाचे, गोखल्यांचे वारसदार, असहकाराचे उघड विरोधक. शास्त्रींनी निवेदन वाचून दाखवलं, गांधींनी पेन्सिलने थरथरत्या हाताने सही केली. राजकारणात पूर्ण उलट दिशेला असलेल्या माणसावर जीव सोपवण्याइतका विश्वास शिल्लक होता, म्हणून बेळगाव शक्य झालं असं मला मनापासून वाटतं. एक वर्षानंतर मोतीलाल आणि केळकरांमध्ये तो उरला नव्हता.

---

जुनी_कात्रणं

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला १९३७ चा पुरावा जोडतो.

१९३५ च्या नव्या कायद्याखाली निवडणुका झाल्या, काँग्रेसला पाच प्रांतांत स्पष्ट बहुमत मिळालं. तेव्हा मार्च १९३७ मध्ये अट घातली गेली की गव्हर्नर आपले खास अधिकार रोजच्या कारभारात वापरणार नाहीत असं आश्वासन द्यावं, नाहीतर मंत्रिमंडळ नाही. तीन महिने ताणलं. मुंबईत तोवर साताऱ्याचे धनजीशा कूपर हंगामी मुख्यमंत्री होते. जूनमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोंचं निवेदन आलं, जुलैत वर्ध्याला कार्यसमितीने परवानगी दिली आणि बाळासाहेब खेरांनी मुंबईचा कारभार हाती घेतला. प्रत्येक मंत्रिमंडळ काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाला जबाबदार. १९३९ मध्ये राजीनामे द्यायचं ठरलं तेव्हा काँग्रेसची मंत्रिमंडळं असलेल्या आठही प्रांतांतून सगळे एकदम बाहेर पडले. तांबे प्रकरण पुन्हा होऊ नये याची तजवीज होती ती.

बोर्डाचे अध्यक्ष वल्लभभाई. मद्रासचे मुख्यमंत्री राजगोपालाचारी. गयेला कौन्सिलप्रवेश हाणून पाडणारे हेच दोघे! आणि राजाजींनी हिंदीविरोधी आंदोलकांवर जो कायदा वापरला तो इंग्रजांनी काँग्रेसच्याच स्वयंसेवकांसाठी केलेला होता. उलट फेरवादी विठ्ठलभाईंनी अध्यक्षाच्या खुर्चीतून १९२८ मध्ये सार्वजनिक सुरक्षा विधेयक समसमान मतांवर आपलं निर्णायक मत देऊन पाडलं, १९२९ मध्ये ते पुन्हा आलं तर नियमाबाहेर ठरवलं, आणि १९३० मध्ये मिठाची चळवळ सुरू झाल्यावर खुर्ची सोडली.

---

वऱ्हाडकर

@जुनी_कात्रणं, बोर्डाचा दाखला देता आहात तर डॉ. ना. भा. खरे यांचंही सांगा. मध्यप्रांताचे मुख्यमंत्री. जुलै १९३८ मध्ये महाकोशलच्या (प्रांताच्या हिंदीभाषक भागातल्या) सहकाऱ्यांशी बिनसलं म्हणून त्यांनी राजीनामा देऊन नवं मंत्रिमंडळ बनवलं. निवडून आलेल्या मुख्यमंत्र्याने आपले सहकारी बदलले, एवढाच गुन्हा. बोर्डाने काही दिवसांत त्यांना पायउतार केलं. नागपूर-वऱ्हाडात ती जखम फार वर्षं राहिली. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीचा विषय निघाला की जुनी माणसं अजून खरे प्रकरणापर्यंत जातात. पद घेण्याचा निर्णय पक्षाने करायचा हे ऐकायला बरं वाटतं, पण पक्ष म्हणजे कोण? वर्ध्याला बसलेले तिघं-चौघं?

---

पाटीपेन्सिल

@वऱ्हाडकर, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. आत जायचं की नाही, कोणत्या अटीवर आणि कधी बाहेर यायचं, हे संघटनेने ठरवावं. आत गेल्यावर सहकारी कोण, खाती कुणाकडे, हे निवडून आलेल्याने. १९२५ मध्ये पहिली गोष्ट पक्षाने ठरवली नाही, १९३८ मध्ये दुसरीही बोर्डाने आपल्याकडे ओढली. पहिल्यात शब्द मोडला, दुसऱ्यात मतदाराने दिलेला अधिकार. यांतलं एक टाळण्यासाठी दुसरं स्वीकारायला मी तयार नाही.

---

सोपान_गिरणगाव

खरे यांनी त्या नव्या मंत्रिमंडळात अग्निभोज यांना घेतलं होतं, अस्पृश्य समाजातले. मंत्रिमंडळ गेलं तसे तेही गेले. बाबासाहेबांनी पुढे हे काँग्रेसविरुद्ध नाव घेऊन मांडलं. तेव्हा "संघटनेने ठरवावं" असं लिहिताना त्या संघटनेच्या ठरवणाऱ्यांत कोण बसलंय हे आधी विचारा, पाटीपेन्सिल. सहकारी निवडण्याचा अधिकार निवडून आलेल्याकडे हवा असं म्हणताय, त्याला माझा पाठिंबा याच कारणासाठी आहे.

आणि मुंबईचं राहिलंच. खेर मंत्रिमंडळाने चांगली कामं केली, सत्याग्रहात जप्त झालेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी परत मिळवून दिल्या, ते नाकारत नाही. पण त्याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये औद्योगिक कलह विधेयक आणलं. गिरणी कामगारांचा संपाचा हक्क त्याने बांधून टाकला. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बाबासाहेब आणि कम्युनिस्ट नेते डांगे एकाच व्यासपीठावर, यापेक्षा मोठी व्यवहारी युती त्या काळात झाली नसेल. पोलिसांनी गोळीबार केला. गोळीबार करणारं सरकार आठ वर्षांपूर्वी स्वतः लाठ्या खात होतं.

ही युती त्या संपापुरती होती आणि दोन्ही बाजूंना ते माहीत होतं. कामगारांना काय मागायचंय ते मैदानात आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वेगळे झाले तरी कुणी कुणाला गद्दार म्हणालं नाही.